फार्मडीच्या अर्जासाठी स्वयंसेवा: काउंटरच्या पलीकडे कुठे शोधायची

अमेरिकेत फार्मडी, म्हणजे फार्मासिस्ट होण्यासाठीची पदवी, करायची ठरलं की बरीच मुलं घराजवळच्या सीव्हीएस नाहीतर वॉलग्रीन्स या औषधदुकानाच्या काउंटरवर जाऊन विचारतात, "मी इथे व्हॉलंटिअरिंग करू का?" उत्तर नकाराचं येतं आणि मुलं हिरमुसतात. यात त्यांच्या लायकीचा काही संबंध नसतो. १९३८च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स कायद्यामुळे नफ्यासाठी चालणाऱ्या खाजगी कंपनीला स्वयंसेवक म्हणून कुणाकडून फुकट काम करून घेता येत नाही. तिथे काम करायचं तर पगारी टेक्निशियन, म्हणजे फार्मासिस्टचा मदतनीस, म्हणूनच. स्वयंसेवकाला जागा मिळते ती ना-नफा रुग्णालयांत, मोफत दवाखान्यांत, धर्मादाय फार्मस्यांत आणि सरकारी योजनांत.

म्हणून "फार्मसीत उभं राहायला कुठे मिळेल" या प्रश्नावर फार वेळ घालवू नका. औषधाची पिशवी घरी गेल्यावर तिचं काय होतं, हे कुठे दिसेल ते शोधा. गोळ्या मोजणं, लेबल तपासणं हे कॉलेज शिकवणारच आहे. मान्यताप्राप्त फार्मडी अभ्यासक्रमात आधीच्या वर्षांत किमान ३०० आणि शेवटच्या टप्प्यात किमान १,४४० तास प्रत्यक्ष कामाचे असतात. पण पैसे पुरत नाहीत म्हणून गोळी अर्धी तोडून घेणारा माणूस, किंवा सकाळच्या आणि रात्रीच्या गोळ्या एकाच डब्यात टाकणाऱ्या आजी, हे तुम्ही आधीच पाहिलेलं असेल तर मुलाखतीत ते लगेच जाणवतं. "मला लोकांना मदत करायला आवडतं" हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं. त्यापुढचं वाक्य थोड्यांकडेच असतं.

पीसीएटी ही प्रवेशपरीक्षा जानेवारी २०२४मध्ये कायमची बंद झाली. आता अर्जात उरले ते गुण, निबंध, शिफारसपत्रं, अनुभव आणि मुलाखत. यातल्या शेवटच्या चारही गोष्टींना एकच चांगली स्वयंसेवा पुरते, हे लक्षात ठेवलं तर पाच ठिकाणी धावाधाव करावी लागत नाही.

आधी कॅलेंडर बघा

बहुतेक कॉलेजांचे अर्ज फार्मकॅस या सामायिक यंत्रणेतून जातात आणि ती साधारण जुलैच्या मध्यात नव्या सत्रासाठी उघडते. तेव्हा अर्ज भरायचा असेल तर स्वयंसेवा त्याच्या आदल्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू झालेली हवी. आठवड्याला चार तास आणि वर्षातले चाळीस आठवडे धरले तर १६० तास होतात. मला विचाराल तर एका जागेवरचे हे १६० तास सहा जागांवर विखुरलेल्या ३०० तासांपेक्षा कितीतरी वजनदार. सहाव्या जागेवर तुमचं नावसुद्धा कुणाला आठवत नसतं, मग शिफारसपत्र कोण देणार?

रटगर्ससारख्या ठिकाणी हायस्कूलनंतर थेट सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्या वाटेनं जायचं असेल तर नववी-दहावीतच सुरुवात करावी लागते. रुग्णालयांतले शाळकरी मुलांसाठीचे उन्हाळी कार्यक्रम जून-जुलैत चालत असले तरी त्यांचे अर्ज अनेकदा जानेवारी ते मार्चमध्येच घेतले जातात. मे महिन्यात फोन केला तर "पुढच्या वर्षी या" असं ऐकायची तयारी ठेवा.

कागदपत्रं आणि बीसीजीचा घोळ

रुग्णालय असो की दवाखाना, रुग्णांच्या जवळ जाण्याआधी लसीकरणाचे दाखले, क्षयरोगाची चाचणी आणि अठरा पूर्ण असतील तर पार्श्वभूमी तपासणी मागतात. यात एक-दोन महिने सहज जातात, म्हणून जागा नक्की व्हायची वाट न पाहता फाइल तयार ठेवा.

भारतात जन्मलेल्यांना इथे एक अडचण हमखास येते. दंडावर बीसीजी या क्षयरोगाच्या लशीची खूण असली की क्षयरोगाची त्वचेवरची चाचणी संसर्ग नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, डॉक्टरची चिठ्ठी, आणखी तीन आठवडे. तेव्हा पहिल्यापासून रक्ताची चाचणी मागा. क्वांटिफेरॉन हे तिचं प्रचलित नाव, आणि बीसीजीमुळे तिचा निकाल बदलत नाही. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांच्या लशींचं जुनं कार्ड गावी ट्रंकेत राहिलं असेल तर रक्तातली प्रतिपिंडं मोजणारी टायटर चाचणी करून घेता येते. बहुतेक ठिकाणी ती चालते. शिवाय दर हिवाळ्यात फ्लूची लस घ्यावी लागते.

रुग्णांची माहिती गुप्त ठेवण्याबद्दलच्या हिपा या १९९६च्या कायद्याचं छोटं प्रशिक्षणही होतं. कंटाळवाणं असतं, पण मनापासून करा. रुग्णाचं नाव, फोटो, त्याच्या गोळ्यांची बाटली यातलं काहीही फोनमध्ये जाता कामा नये. दवाखान्याच्या कोटातला हौशी सेल्फीसुद्धा नको, कारण मागच्या फळ्यावर कुणाचं नाव लिहिलेलं असेल ते सांगता येत नाही.

जागा शोधणं

माझ्या यादीत पहिला क्रमांक मोफत दवाखान्याचा आणि धर्मादाय फार्मसीचा. विमा नसलेल्या लोकांसाठी हे दवाखाने चालतात, बरेचसे संध्याकाळी किंवा शनिवारी, आणि डॉक्टरांपासून फार्मासिस्टपर्यंत पुष्कळजण स्वयंसेवकच असतात. जवळचा दवाखाना शोधायला अशा दवाखान्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकून शोध घेता येतो, किंवा सरळ २११ला फोन करून विचारा. स्थानिक मदतसेवांची माहिती देणारा हा क्रमांक अमेरिकेत जवळपास सगळीकडे चालतो.

तिथे गेल्यावर रिसेप्शनच्या टेबलावर बसवलं तर नाराज होऊ नका, पण एक काम स्वतःहून मागून घ्या: औषध कंपन्यांच्या मदत योजनांचे अर्ज. महागडं औषध परवडत नसेल तर अनेक कंपन्या ते ठरावीक उत्पन्नाखालच्या रुग्णांना फुकट देतात. त्यासाठी उत्पन्नाचा पुरावा, डॉक्टरची सही, रुग्णाची सही आणि वेळेवर नूतनीकरण लागतं. यातला एक कागद राहिला की औषध थांबतं. चिकाटीचं, किचकट काम आहे. ते कुणाला करायला आवडत नाही आणि नेमकं म्हणूनच स्वयंसेवकाला मिळतं. दोन महिन्यांत तुम्हाला इन्सुलिनचे प्रकार, ब्रँड आणि जेनेरिकमधला फरक, आणि एकाच औषधाची किंमत दोन दुकानांत वेगळी का, हे सगळं पाठांतर न करता कळू लागतं.

दुसरी जागा फार्मसीच्या विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटते: शिप. मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा असलेल्या ज्येष्ठांना तो समजावून सांगणारी ही सरकारी योजना प्रत्येक राज्यात आहे. नाव मात्र बदलतं. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये तिला हायकॅप म्हणतात, फ्लोरिडा आणि मॅसॅच्युसेट्समध्ये शाइन. ती मोठ्या प्रमाणावर प्रशिक्षित स्वयंसेवकांच्या बळावर चालते. दर वर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात ज्येष्ठांना औषधांचा प्लॅन बदलता येतो. समोरच्या माणसाच्या सगळ्या औषधांची यादी करायची, ती मेडिकेअरच्या संकेतस्थळावर भरायची आणि कोणत्या प्लॅनमध्ये वर्षाचा खर्च कमी येतो ते दाखवायचं, हे या काळातलं मुख्य काम. २०२५पासून या औषधविम्यात रुग्णाच्या खिशातून जाणाऱ्या वार्षिक खर्चावर मर्यादा आली. पहिल्या वर्षी ती २,००० डॉलर होती. असे बदल लोकांना समजावून सांगताना जी भाषा तयार होते, तीच पुढे काउंटरवर लागते. प्रशिक्षण बरंच मोठं असतं, म्हणून उन्हाळ्यातच नाव नोंदवा. वय कमी पडलं तर निदान नोंदणीच्या टेबलावर मदत मागा.

तिसरी जागा हॉस्पिस, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची देखभाल. नाव ऐकून घरचे दचकतील. पण मेडिकेअरच्या नियमानुसार हॉस्पिस संस्थेला रुग्णसेवेच्या एकूण तासांच्या किमान ५ टक्क्यांइतकं काम स्वयंसेवकांकडून करून घ्यावं लागतं, त्यामुळे या संस्था स्वयंसेवकांच्या कायम शोधात असतात आणि प्रशिक्षणही नीट देतात. औषधांना हात लावायचा नसतो. रुग्णाजवळ बसायचं, तेवढ्या वेळात घरच्यांना बाहेर पडू द्यायचं. वेदनाशामकाचा डोस उशिरा झाला तर घरात काय होतं, हे तिथे दिसतं. हे प्रत्येकाला झेपेलच असं नाही. नुकतंच घरात कुणी गेलं असेल तर ही जागा या वर्षी सोडा.

रुग्णालयांबद्दल फार लिहायला नको, कारण तिकडे सगळेच जातात. बहुधा माहितीकक्ष, भेटवस्तूंचं दुकान किंवा व्हीलचेअर ढकलणं वाट्याला येतं. अर्जात फार्मसी विभागाची पसंती स्पष्ट लिहा. घरी सोडताना रुग्णाच्या खाटेपाशी औषधं पोचवण्याची सेवा असेल तर तिच्याबद्दल विचारा. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांतही स्वयंसेवा विभाग असतो. उन्हाळा पूर्ण मोकळा असेल तर मधुमेही मुलांच्या शिबिरांचा विचार करा. आठवडाभर टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांबरोबर राहिलात की इन्सुलिन पंप आणि मध्यरात्री घसरलेली साखर पुस्तकाबाहेर कशी असते ते कळतं.

मंडळाच्या हॉलमध्ये पिशवी-तपासणी

जवळपास काहीच मिळत नसेल, किंवा मिळालेल्या कामाला जोड हवी असेल, तर मराठी मंडळाकडे वळा. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१पासून उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना जोडतं आहे आणि बऱ्याच मंडळांत आता ज्येष्ठांची संख्या चांगलीच वाढली आहे. त्यांच्यासाठी इथल्या फार्मासिस्टांचा एक जुना, साधा कार्यक्रम करता येतो. लोकांनी घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून आणायची आणि फार्मासिस्टनं ती एकेक करून तपासायची.

आपल्या लोकांत याची गरज जास्तच आहे. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजींच्या बॅगेत क्रोसिन किंवा डोलो असते, आणि इथे सुनेनं टायलेनॉल आणून ठेवलेलं असतं. दोन्हींत औषध एकच. भारतात त्याला पॅरासिटामॉल म्हणतात, इथे असिटामिनोफेन. अंगदुखीसाठी वर कॉम्बिफ्लाम घेतली तर तिच्यातही तेच, शिवाय आयब्युप्रोफेन. निरोगी प्रौढासाठीसुद्धा दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जाऊ नये असं हे औषध, तीन वेगवेगळ्या वेष्टनांतून नकळत पोटात जातं. मधुमेहाच्या जोडगोळ्यांचं आणि रक्तदाबाच्या ब्रँडनावांचंही असंच होतं. चूर्णं आणि काढे तर कुणी "औषध" म्हणून मोजतच नाही, म्हणून निमंत्रणात "डब्यातली पूडसुद्धा आणा" असं लिहा.

मांडणी अशी करा. तुमच्या राज्याचा परवाना असलेले दोन फार्मासिस्ट आधी तयार करा. ते नसतील तर कार्यक्रम करूच नका. मंडळाच्या कार्यकारिणीकडून हॉल आणि विम्याची बाजू पक्की करून घ्या. टेबलं इतकी दूर ठेवा की एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू जाणार नाही. स्वयंसेवकानं प्रत्येक पाकिटावरचं नाव, मात्रा आणि आजी-आजोबा ते प्रत्यक्षात कधी घेतात, एवढंच कागदावर उतरवायचं. सल्ला फक्त फार्मासिस्टनं द्यायचा. शेवटी पाकिटात मावेल अशा कार्डावर औषधांची यादी प्रत्येकाच्या हाती द्यायची. ती डॉक्टरला दाखवायची असते. चाळीस लोक आले तरी कार्यक्रम भरगच्च होतो.

दोन पथ्यं मात्र पाळा. पर्यवेक्षक म्हणून आई, बाबा किंवा घरचे काका लिहू नका, फार्मासिस्टचं नाव लिहा. आणि अर्जात फक्त मंडळाचंच काम दिसू देऊ नका. ज्यांच्याशी आपली भाषा, जेवण, सण काहीच जुळत नाही अशा लोकांबरोबरही तुम्हाला काम करता येतं, हे निवडसमितीला पाहायचं असतं.

विचारायचं कसं

मेल विद्यार्थ्यानं स्वतः लिहावा. पालकांनी पाठवलेला मेल स्वयंसेवा समन्वयकाला पहिल्या ओळीत ओळखू येतो. आशय एवढाच पुरे:

"मी अमुक कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे आणि पुढच्या वर्षी फार्मडीसाठी अर्ज करणार आहे. मंगळवार आणि गुरुवारी संध्याकाळी पाच ते आठ मी मोकळी असते आणि पुढच्या जूनपर्यंत सलग येऊ शकते. रुग्णांना औषधं मिळण्यातल्या अडचणींशी संबंधित कुठलंही काम चालेल, कागदपत्रांचंही. लसीकरणाचे दाखले आणि क्षयरोगाची चाचणी तयार आहे. भेटायला कधी येऊ?"

या मेलमधली सगळ्यात वजनदार गोष्ट म्हणजे "जूनपर्यंत सलग". समन्वयकांचा मोठा त्रास असा की मुलं प्रशिक्षण घेतात आणि सहा आठवड्यांत गायब होतात. आठवड्यात उत्तर आलं नाही तर फोन करा. दुसऱ्या फोननंतरही काही हाललं नाही तर पुढची जागा बघा. एकाच वेळी चार-पाच ठिकाणी विचारायला हरकत नाही, पण हो म्हणताना एकाच ठिकाणी म्हणा.

काय करायचं नाही

फार्मसीत औषध हाताळायला बहुतेक राज्यांत टेक्निशियन म्हणून नोंदणी किंवा परवाना लागतो. टेक्सासमध्ये तर शिकाऊ टेक्निशियनलाही राज्य मंडळाकडे नोंदणी करावी लागते. नियम राज्याराज्यात वेगळे असल्यामुळे आपल्या राज्याच्या फार्मसी मंडळाचं संकेतस्थळ एकदा वाचून काढा, आणि कुणी "जरा या बाटल्या भरून दे" म्हणालं तर आधी फार्मासिस्टला विचारा. तसंच, समोर मराठी किंवा हिंदी बोलणारे आजोबा आले आणि तुम्हाला दुभाषा म्हणून पुढे केलं, तर त्यांच्याशी गप्पा जरूर मारा, पण औषधाच्या सूचनांचं भाषांतर पात्र दुभाष्यावर सोपवा. "जेवणाआधी" आणि "जेवणानंतर" यातली चूक महागात पडते.

ज्यांची बीफार्मसी भारतात झाली आहे

पुण्या-मुंबईत चार वर्षांची बीफार्मसी करून लग्नानंतर इथे आलेल्या अनेकींना एक गोष्ट उशिरा कळते. १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांना परदेशी फार्मासिस्ट म्हणून इथली समकक्षता परीक्षा द्यायची तर पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. चार वर्षांची पदवी तिथे चालत नाही. मग इथे फार्मडीच करायचं ठरतं, आणि तेव्हा भारतातल्या मेडिकल स्टोअरमधली किंवा कंपनीतली नोकरी अर्जात नोकरीच्या अनुभवाखाली अवश्य लिहा. इथली स्वयंसेवा त्यात भर घालते ती इथल्या विम्याच्या आणि रुग्णांच्या ओळखीची.

व्हिसाचं भान ठेवा. काम करण्याची परवानगी नसलेल्या एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर ना-नफा संस्थेतलं, सगळ्यांनाच बिनपगारी असणारं स्वयंसेवी काम वेगळं, आणि एरवी पगार दिला जातो ते काम फुकट करणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात पडू नका, मग तो फार्मसीमालक कितीही ओळखीचा असो. एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा असेल तर सुरू करण्याआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लेखी विचारा. शॅडोइंग, म्हणजे नुसतं बाजूला उभं राहून फार्मासिस्टचं काम बघणं, हा पर्याय अशा वेळी सोयीचा पडतो, पण तिथेही प्रत्यक्ष काम करायला लागू नका.

नोंद, पत्र आणि अर्ज

पहिल्या दिवसापासून एक वही किंवा स्प्रेडशीट ठेवा: तारीख, तास, कुणाच्या हाताखाली, त्यांचं पद आणि मेल. फार्मकॅसमध्ये पर्यवेक्षकाचा संपर्क, सुरुवातीची तारीख, आठवड्याचे सरासरी तास हे सगळं भरावं लागतं, आणि दीड वर्षानंतर ते आठवत नाही. प्रत्येक नोंदीखाली त्या दिवशी पडलेला एक प्रश्न लिहा, रुग्णाची ओळख न देता. "एकाच गोळीचा रंग दर रीफिलला का बदलतो?" असा प्रश्न पुढच्या खेपेला फार्मासिस्टला विचारा. शिफारसपत्र याच प्रश्नांतून घडतं. पत्र मागायला चार-पाच महिने जाऊ द्या, आणि मागताना "देऊ शकाल का" यापेक्षा "माझं काम पाहून चांगलं पत्र देता येईल असं तुम्हाला वाटतं का" असं विचारा. चाचरत हो आलं तर दुसरं कुणीतरी शोधा.

अनुभवाच्या वर्णनात जागा थोडीच मिळते, म्हणून विशेषणांवर ती खर्च करू नका. "वैद्यकीय वातावरणात काम करून संवादकौशल्य वाढवलं" यातून वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. "मोफत दवाखान्यात मधुमेही रुग्णांचे मदत योजनांचे अर्ज भरले आणि नूतनीकरणाच्या तारखांचा तक्ता तयार केला, तो आता इतर स्वयंसेवकही वापरतात" यातून तुम्ही नेमकं काय करता ते दिसतं. तास पूर्ण झालेलेच लिहा, पुढे करायचे ठरवलेले त्यात मिळवू नका. पर्यवेक्षकाला फोन जाऊ शकतो.

मुलाखतीत कुणीतरी हमखास विचारतं की औषध लिहून दिलेलं असूनही रुग्ण ते का घेत नाहीत. तिथे पाठ केलेली पाच कारणं सांगू नका. तुम्ही पाहिलेला एकच प्रसंग नाव-गाव काढून सांगा, त्यात फार्मासिस्टनं काय केलं ते सांगा, आणि काय करता आलं नाही तेही.

अर्ज गेल्यावर दवाखाना सोडू नका. मुलाखती पुढे बरेच महिने चालतात आणि "सध्या काय करता" हा प्रश्न येतोच. शिवाय ऑक्टोबरमध्ये मेडिकेअरचे दिवस सुरू झालेले असतात आणि तेव्हा शिपकडे माणसं कमीच पडतात.